झोतासमोरच्या कुरडया
कुरडई तळल्याचा वास आला की नल्लकुंटा भागातल्या आमच्या घरातली मे महिन्यातली ती दुपार आठवते. तान्ह्या लेकीच्या अंगावर घामोळं उठलं होतं आणि फिल्टर दोनदा धुऊनही एसीची हवा गार होईना. फोनवर मेकॅनिक म्हणाला, "बाहर के युनिट के सामने कुछ रखे क्या, देखो अम्मा." बाल्कनीत धावले, तर युनिटच्या गरम झोतासमोर सासूबाईंनी कुरडयांच्या चाळण्या मांडलेल्या आणि कबुतरं शिवू नयेत म्हणून युनिटसकट सगळ्याला साडी गुंडाळलेली. "एका दिवसात खडखडीत वाळतात," त्या कौतुकाने म्हणाल्या. मी साडी ओढली, चाळण्या सरकवल्या आणि आत पळाले. थोड्याच वेळात हाताला गार वारा लागला, तेव्हा मी नाचायचीच काय ती बाकी राहिले. लेक शांत झोपली. आता दर उन्हाळ्यात त्या झोतासमोर कुरडया मीच मांडते, फक्त हातभर लांब आणि साडीशिवाय.