गादी वाचणारे चाचा

गादीवाले चाचा घरात पाऊल न टाकता त्या घरातली लेकरं ओळखायचे. अंगणात टाकलेली जुनी गादी उलटी करायचे, कोपऱ्यापासून मधल्या भागापर्यंत तळवा दाबत न्यायचे आणि डोळे मिटून सांगायचे, "दोन लेकरं हायेत. एक भिंतीकडून झोपते, शांत. दुसरं लाथा मारते. अन् मधात हे जे कापसाचं ढेकूळ झालं, ओलं होऊ होऊ, हे लाथा मारणाऱ्याचं नाही बरं भाबी. शांत हाय ना, त्याचं हाय." भाबी पदर तोंडाला लावून हसायची आणि तो शांत मुलगा दाराआड पळायचा.

चाचा पिंजारी. उन्हाळा लागला की लोटगाडीवर पिंजायची मशीन ठेवून ते अमडापूरला यायचे. ज्या घरचं काम, त्या घरातून वायर घ्यायची; मशीन सुरू झाली की गल्लीभर कापूस उडायचा. त्यांच्या भुवया, दाढी, कानांवरचे केस सगळं पांढरं. त्यातलं वय किती आणि कापूस किती, हे मला कधी नीट कळलं नाही. त्यांच्याविषयी लिहावं असं फार दिवसांपासून मनात आहे, पण आपल्यासारखीने लिहावं का, असं वाटून राहून जायचं. अमडापूर माझं सासर; माहेर दुसरबीडचं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. परीक्षेतली उत्तरं सोडली तर मी कधी काही लिहिलेलं नाही. तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

चाचांचा एक नियम होता. लेकरांच्या बाबतीत ते स्वतःच्या पदरचं काही सांगत नसत. या गावच्या आयांनी केलेलं त्या गावच्या आयांना सांगायचं, एवढंच. आणि एक युक्ती घ्यायची तर बदल्यात एक द्यायची. "हे माह्यं नाही," ते आधीच सांगून टाकायचे. "वडनेर भोलजीच्या एका घरचं हाय. लेकरू नखं कापू देत नाही ना? त्याच्या एका हाताले टिकली चिटकवून दे. ते टिकली काढायच्या नादी लागते, तेवढ्यात दुसऱ्या हाताची नखं कापून घे. फक्त टिकली आठवणीनं परत घेजो, नाहीतर तोंडात टाकीन." दुसरी युक्ती बाजाराची. पोरगं दिसेल त्याला हात लावतं, हट्ट करतं, तर घरून निघतानाच त्याच्या ओंजळीत एक लिंबू द्यायचं आणि सांगायचं, हे घरचं आहे, सांभाळ. दोन्ही हात गुंतले की पोरगं बाजारभर तहसीलदारासारखं चालतं. हे मी स्वतः पाहिलं आहे. आमच्या शेजारच्या घरातला चार वर्षांचा मुलगा लिंबू घेऊन इतका गंभीर चालत होता की भाजीवालीने त्याला वाट करून दिली.

घराचं नाव ते कधी घेत नसत. पण त्यांना वाटायचं तेवढं ते लपतही नसे. "अशाच एका घरी, दारात कडूलिंब हाय, बाजूले गिरणी हाय," असं म्हणायचे. तसं घर गावात एकच. त्या घरची बाई पुढच्या वेळी भांडायला आली तर म्हणायचे, "मी नाव घेतलं का तुह्यं? लिंबाचं घेतलं." पण खरंच झाकायचं असेल तेव्हा चाचा पक्के होते. एकदा एका गादीच्या शिवणीत त्यांना सात गोळ्या सापडल्या. पांढऱ्या, वाळलेल्या. मुलगा आजारी होता तेव्हा आई रोज मोजून गोळी द्यायची आणि मुलगा रोज मोजून गादीत घालायचा. घरात सासू, दीर, पाहुणे बसलेले. चाचांनी गोळ्या खिशात टाकल्या, काम संपल्यावर आईला बाजूला बोलावून तिच्या हातात दिल्या आणि म्हणाले, "गोळी देल्यावर त्याले पाढे म्हणाले लाव, बेटा. तोंडात गोळी असली की बे एकं बे म्हणता येत नाही. दुसरबीडच्या एका घरी असंच करतात." हे पुढे त्या आईनेच मला सांगितलं.

एकाच गोष्टीवर ते चिडायचे. "जेव, नाहीतर गादीवाला चाचा मशीनमध्ये टाकीन," असं कुणी लेकराला म्हटलं की मशीन बंद. मग हात धुवायचे, त्या लेकराला जवळ बोलवायचे, झाकण उघडून दाखवायचे. आत कापूस आणि चाकं. एक मूठ कापूस त्याच्या डोक्यावर ठेवायचे, म्हातारा करायचे. आणि आईला म्हणायचे, "माह्या नावानं भेव नको दाखवू माय. मले पुढच्या साली याच दारात यायचं असते."

हे वाक्य आमच्या सासूबाईंनीही ऐकलेलं आहे. तसं त्यांचं मन फार चांगलं. फक्त धास्ती फार.

गेल्या वर्षी माझी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा होती आणि माझी मुलगी परी दहा महिन्यांची होती. सहा पेपर, केंद्र चिखलीला. एसटीचं जाणं-येणं धरून रोज पाच तास घराबाहेर. परी मला पाच मिनिटं सोडत नव्हती. मी न्हाणीत गेले तरी दाराशी बसून रडायची. सासूबाई तिला घ्यायला तयार होत्या, पण रडणं वाढलं की त्यांचेच हातपाय गळायचे. "पुढच्या साली दे माय पेपर," त्या म्हणाल्या. "लेकरू रडून रडून निळं पडन." त्यांचं काही चूक नव्हतं. पण माझ्या आईची सातवीची परीक्षाही अशीच पुढच्या साली द्यायची होती. धाकटा मामा लहान होता, त्याला कोण घेणार म्हणून. ते पुढचं साल आलंच नाही. हे मी सासूबाईंना बोलून दाखवलं नाही; तेवढी हिंमत नव्हती.

चाचा गल्लीत आले तेव्हा परीक्षेला एक महिना राहिला होता. मी परीला कडेवर घेऊन, वही-पेन घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले, अडचण सांगितली आणि त्यांनी सांगितलेलं क्रमांक टाकून लिहू लागले. चाचा बघत राहिले.

"हे काय करून राह्यली बेटा?"

"मुद्दे लिहून घेते."

"पोरगी तुह्या वहीत पाहून गप बसणार हाय काय?"

सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "भाई, ते असंच करते. वरणाले फोडणी द्याची तरी लिहून ठेवते."

मग बदल्यात युक्ती द्यायची वेळ आली. माझं पहिलंच लेकरू, माझ्याकडे काय असणार? मी घाबरत घाबरत आमच्या मानसशास्त्राच्या पुस्तकातला एक मुद्दा सांगितला. चाचांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला.

"हे तू करून पायलं?"

"नाही."

"मंग हे तुह्यं नाही. असू दे, उधार राहू दे. भाबी देतीन कधी तरी." आणि सासूबाईंनी "मले काय येते?" असं म्हणून तोंड फिरवलं.

मग त्यांनी काम सांगितलं. परीसाठी छोटी गादी भरायची. तिच्या खोळीला नवं कापड नको. मी तिला पाजताना अंगावर असते ती ओढणी आणायची. मी आत गेले. बाहेरच्या माणसाच्या हातात अशी ओढणी कशी द्यायची? मी ती साबण लावून धुतली, वाळवली, इस्त्री करून घडी घालून दुसऱ्या दिवशी दिली. चाचांनी नाकाशी नेली आणि खालीच ठेवली.

"काऊन धुतली?"

"मळली होती चाचा."

"अवं, ह्या गादीवर पोरगीले साबण आठवन. तू कुठची आठवतं?"

शेजारच्या बायका हसल्या. मी लाजेने आत गेले, अंगावरची ओढणी बदलली आणि तीच आणून दिली. तिला दुधाचा, घामाचा, खोबरेल तेलाचा असा सगळा वास होता. सासूबाई म्हणाल्या, "लोकं काय म्हणतीन, मळकी गादी." चाचा दाभणात दोरा ओवत म्हणाले, "लोकं थोडीच झोपणार हायेत भाबी?"

गादी झाली. पण चाचा म्हणाले, नुसत्या गादीने काही होत नाही. रोज थोडं थोडं दूर जायचं. आज दुसऱ्या खोलीत, उद्या नळावर, मग दुकानापर्यंत. आणि प्रत्येक वेळी परीला सांगून, तोंड दाखवून जायचं, मग ती कितीही रडो. इथेच मी चुकले. पहिल्या दिवशी तिला सांगितलं आणि तिने जो टाहो फोडला तो माझ्याने ऐकवेना. म्हणून दुसऱ्या दिवशी ती खेळण्यात गुंगलेली पाहून मी मागच्या दाराने सटकले. आल्यावर पाहते तर परी सासूबाईंच्या खांद्यावर, चेहरा लालबुंद. त्यानंतर दोन दिवस तिने माझी ओढणीसुद्धा सोडली नाही. मी नुसती उठले तरी तिचे डोळे भरायचे. आधी होती त्याहून वाईट अवस्था झाली, आणि परीक्षेला वीस दिवस.

मी चाचांकडे गेले तेव्हा रडायचीच बाकी होते. ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "चोरून गेली ना? सगळ्याच जातात. पण तिले आता वाटते, आई कवाही गायब होते. म्हणून ते डोया लावत नाही, पहारा देते. सांगून जाशीन तर रडन, पण पहारा नाही देणार."

मग मी रोज सांगून गेले. रोज रडणं ऐकत गेले. सासूबाई त्या छोट्या गादीवर परीला घेऊन बसायच्या आणि मी दुकानापर्यंत, शाळेपर्यंत, मग एसटी थांब्यापर्यंत जाऊन यायचे. थांब्यावर लोकांना वाटायचं, हिची गाडी रोज चुकते.

पहिल्या पेपरच्या दिवशी परीला सांगितलं, ती रडली, मी निघाले. पेपरमध्ये काय लिहिलं ते आठवत नाही. चांगलं लिहिलं असावं. परतीच्या एसटीत दूध दाटून कुर्ता भिजलेला, फाइल छातीशी धरलेली. थांब्यापासून घरापर्यंत मी जवळजवळ पळतच आले. दारात पाहते तर सासूबाई आणि परी त्या गादीवर समोरासमोर बसलेल्या. परीच्या हातात ओली भाकर. तिने मला पाहिलं, हसली आणि तो तुकडा आजीच्या तोंडात कोंबला. माझ्याकडे हात पसरले नाहीत. महिनाभर मी हेच मागत होते. मी उंबऱ्यावर बसले आणि हुंदके देऊन रडू लागले.

"अवं, आता पोरगी रडत नाही अन् तू काऊन रडतं?" सासूबाई घाबरल्या. "पेपर बिघडला काय?"

"चांगला गेला."

"मंग?"

समोरच्या ओट्यावर चाचा कुणाची तरी गादी शिवत होते. ते तिथूनच म्हणाले, "भाबी, रडू द्या. पोरीचं आटपलं, आता आईचं लागलं." मग जरा थांबून विचारलं, "पण तुमी तिले गप केली कशी?"

सासूबाईंनी आधी इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "मीच रडली भाई तिच्यासमोर. भूक लागली म्हणून खोटंखोटं. तिले कीव आली, भरवाले लागली मले."

चाचांनी दाभण खाली ठेवलं. "हे मी घेऊन जातो," ते म्हणाले. सासूबाईंचा चेहरा असा झाला होता की जणू त्यांचाच पेपर चांगला गेला.

सहाही पेपर दिले. पण या उन्हाळ्यात चाचा आले नाहीत. कळलं की दम लागतो, डॉक्टरांनी कापसापासून लांब राहायला सांगितलं आहे, मशीन विकली. मुलाने चिखलीला तयार गाद्यांचं दुकान टाकलंय, तिथे बसतात. मी गुणपत्रिका घेऊन, परीला घेऊन त्यांना भेटायला गेले. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या गुळगुळीत गाद्यांच्या चळतीपुढे चाचा खुर्चीवर बसले होते. भुवयांवर कापूस नव्हता, तरी भुवया पांढऱ्याच होत्या. इतके दिवस मी त्यांना ओळखलंच नव्हतं की काय, असं वाटलं.

त्यांनी गुणपत्रिका उलटसुलट पाहिली, मुलाला दाखवली, गिऱ्हाइकालाही दाखवली. "आमच्या गल्लीची हाय," म्हणाले. मी विचारलं, "इथे बरं वाटतं का चाचा?"

त्यांनी शेजारच्या गादीवर तळवा दाबला. "बसाले बरं हाय बेटा. पण ह्यात काही सापडत नाही. सगळ्या सारख्याच. अजून कोणीच झोपलं नाही त्यांच्यावर."

परी आता दोन वर्षांची होत आली आहे. आम्ही बोलत असताना ती एका गादीवर चढून उड्या मारत होती. एकदम थांबली, खाली पाहू लागली. प्लॅस्टिकवरून धार लागली, फरशीवर आली. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले, ओढणीनेच पुसायला धावले. चाचांचा मुलगा फडकं आणायला पळाला.

चाचा मात्र खुर्चीतून उठले, गादीजवळ आले आणि इतके हसले की त्यांना खोकला लागला. "थांब, पुसू नको," ते दम घेत म्हणाले. "पाहू दे मले. दुकान टाकल्यापासून पहिली गादी हाय ही."