काळ्या सौसनेचा करार

करक गावाच्या पूर्वेला, वाळवंट सुरू होतं तिथल्या टेकडीवर काळी सौसना, आयरिसचं रानफूल, फुलते. जेमतेम दोन आठवडे. फिद्दा शिवणकाम करणारी, घरात कामाचा ढीग. पण एकतीस वसंत तिने त्या दोन आठवड्यांत मशीन बंद ठेवलं. शेजारीण नुजूद आणि ती, दोघी चालत जायच्या. करार एकच: एकटीने वर जायचं नाही. नुजूद बाळंतीण होती त्या वर्षी फिद्दा खालीच थांबली, फुलं न बघता.

यंदा फिद्दाचा गुडघा धरला होता. रोज ती कुंपणावरून नुजूदला विचारायची, "काय गं, फुलली का?"

"कुठली! पाऊस उशिरा झाला ना. मी कळवते म्हटलं ना, जीव का खातेस?"

असे अठरा दिवस गेले. मग एका दुपारी नुजूद पातेलं घेऊन आली. "तुझ्यासाठी अक्कूब केलंय, दह्यातलं. खा गरम गरम."

फिद्दाने झाकण काढलं. त्या काटेरी भाजीचा रानवट वास दरवळला. कोवळी, कळ्या मिटलेली. तिने नुजूदचा हात धरून उलटा केला. बोटांवर बारीक काटे टोचल्याच्या ताज्या खुणा होत्या.

"बाजारातून आणली," नुजूद म्हणाली.

"बाजारवाले काटे काढून देतात, बाई. आणि असली अक्कूब सौसनेच्या उतारावरच मिळते. मला शिकवतेस?"

नुजूदने हात सोडवून घेतला. मग एकदम बोलू लागली, "सून तिच्या मैत्रिणींना घेऊन निघाली होती. म्हणाली, चला सासूबाई. तुझा गुडघा असा... तू दर दगडाला बसली असतीस. तुला वाईट वाटू नये म्हणून—"

"कधी गेलीस?"

"परवा. आणि त्याआधी एकदा."

"दोनदा!" फिद्दा हसली. "मला विचारलं असतंस तर मी म्हटलं असतं, जा. मी खाली बसून राहिले असते. करार मोडलास तो मोडलास, वर रोज माझ्या तोंडावर 'कुठली' म्हणत होतीस."

"फोटो आणलेत, बघ तरी."

"तुझे फोटो तुझ्या सुनेला दाखव."

दुसऱ्या दिवशी पहाटे फिद्दा काठी घेऊन निघाली. पायथ्याशी नुजूद उभी होती. कोणी सांगितलं देव जाणे. "हात दे, मी नेते," ती म्हणाली.

"तू आधीच जाऊन आलीस ना? मग बस आता इथेच."

दर दगडाला फिद्दा बसलीच. चौथ्या दगडावर डोळ्यांत पाणी आलं, ते दुखण्याचं की कशाचं, याचा तिने विचार केला नाही. वर बहुतेक फुलं सुकून कागदासारखी झाली होती. पण उत्तरेच्या बाजूला, खडकाच्या सावलीत, सात फुलं उघडी होती. मखमलीसारखी, काळोखाहून काळी. फिद्दा जमिनीवरच बसली.

खालून नुजूदची हाक आली, "दिसली का गं?"

फिद्दाने एकेका फुलाकडे पाहून घेतलं.

"नाही!" ती ओरडली. "सगळी सुकली!"