तार वाचण्याआधी विझलेली चूल

ओल्या राखेचा वास आला की मला चौसाळ्यातली एक दुपार आठवते. मी तिथल्या शाळेत नवा मास्तर होतो, आणि शेजारच्या बाईंचा एकुलता मुलगा लामावर, म्हणजे इंग्रजांच्या लढाईवर गेला होता. त्या दिवशी बीडहून शिपाई तार घेऊन आला. तार मरणाचीच येते असा गावाचा समज, आणि मरणाच्या घरी चूल पेटती ठेवत नाहीत, म्हणून बाईंनी आधी पेटत्या चुलीत तांब्याभर पाणी ओतलं आणि मगच तार माझ्या हातात दिली. मी एकेका इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगत गेलो: पोचणं, मुंबई, खुशाल, खाली मुलाचं नाव. पण ‘मी’ कुठंच नव्हता, आणि कर्त्याशिवाय वाक्य मी वर्गात कधी चालू दिलं नव्हतं. ‘कोण पोचलं ते लिहिलंच नाही,’ मी कपाळाला आठ्या घालून म्हणालो. बाई कडाडल्या, ‘खाली नाव त्याचंच हाय ना? मग दुसरं कोण पोचंल, मास्तर?’ त्या ओली राख उपसायला बसल्या. ‘आता तुमच्या घरचा इस्तू द्या, चूल पेटवायची हाय.’ पुढं कितीतरी तारा वाचल्या, पण हातात घेण्याआधी मी अजून सांगतो, चूल पेटती राहू द्या.