टेम्पोपुरती वाट

टाळेबंदी लागली तशी आमच्या वाडीने हातखंब्याकडून येणाऱ्या रस्त्यावर जांभ्याचे चिरे रचले. मुंबईकर येतील नि रोग आणतील म्हणून. एरवी गणपतीत याच मुंबईकरांच्या वाटेकडे सगळे डोळे लावून बसतात. पहिला चिरा ठेवला माझ्या काकांनी, आणि त्यांचा स्वतःचा मुलगा मुंबईत. "आहेस तिथेच रहा," असं त्याला फोनवर सांगितलं, तेही अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात.

मग हापूस तयार झाला. पेट्या जायच्या कुठे, तर मुंबईलाच. काकांनी मुकाट्याने टेम्पोपुरते चिरे हलवले. मुंबईला आंबे उतरवून टेम्पो परत आला की ड्रायव्हरला आमच्या पडवीत चहा मिळायचा. रोगालाही बहुधा आमचं गिऱ्हाईक कोण ते कळत असावं! हे मी बोललो, तर काकांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. चला, तेवढं तरी अंतर पाळलं गेलं.

एकदा असा चहा चालू असतानाच मुलाचा फोन आला. "बाबा, टेम्पो रिकामाच येतो ना परत? त्यातून येऊ मी?"

"आवाज येत नाय रे," म्हणत काकांनी फोन ठेवला आणि ड्रायव्हरच्या बशीत आणखी चहा ओतला.