गवताच्या मशीनच्या वहीतली माझी सही

आधी चहा ओतून घ्या, कारण हे सांगायला बसले की मला मध्ये उठवत नाही. माझ्या वेंधळेपणाचे किस्से तसे पुष्कळ आहेत, पण बाकीचे घरातल्या घरात मिटले. हा एक तेवढा टेम्पोपर्यंत गेला.

आम्ही बदलापूरला खरवईत राहतो. चार बिल्डिंगा आणि मध्ये मोठं मैदान. बिल्डरने जाहिरातीत हिरवळ दाखवली होती, म्हणून बिचाऱ्याने खरोखरच हिरवळ लावली आणि ती कापायला एक मशीन आणलं. ढकलायचं नाही हो, बसून चालवायचं. वर सीट, छोटं स्टिअरिंग, पोटाखाली पाती. सोसायटी ताब्यात देऊन बिल्डर गेला आणि हे मशीन आमच्या पदरात पडलं, एखादी लांबची आत्या पडावी तसं.

आमचे हे अंबरनाथला एका कंपनीत फिटर होते. रिटायर झाले आणि पहिल्या महिन्यात त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातले डबे अक्षरांप्रमाणे लावले. मीठ, मिरची, मोहरी, मेथी, मूग, मसूर, सगळं 'म'च्या कप्प्यात. कप्पा मोडला. तेव्हा मीच देवाला म्हटलं, ह्यांना एखादं यंत्र दे बाबा. देवाने दिलं. मागताना जपून मागावं, एवढं मी त्यातून शिकले.

कारण त्यानंतर वर्षभर आमच्याकडे जेवताना दुसरा विषय नाही. या मशीनला गिअर नसतात. पेडल दाबलं की पंप तेल ढकलतो, ते तेल आतली मोटर फिरवतं आणि मोटर चाकं फिरवते. ह्याला हायड्रोस्टॅटिक म्हणतात. मी दहावी शिकलेली बाई, हा शब्द मला माझ्या नणंदेच्या नावासारखा पाठ आहे. त्या पंपावरच्या छोट्या पंख्यात गवत अडकलं की तेल तापतं, तापलं की पातळ होतं, पातळ झालं की जोर जातो. घरात आमटी पातळ झाली तरी मला हेच ऐकावं लागतं.

आता एक गोष्ट नीट ऐका, पुढे लागेल. मशीनच्या मागे, खाली, एक लोखंडी दांडी आहे. ती बाहेर ओढून खाचेत अडकवली की चाकं मोकळी होतात आणि मशीन हाताने ढकलता येतं. दांडी न ओढता ढकललं तर आतला पंप बिघडतो. ढकलून झालं की दांडी परत आत घालायची. नाही घातली तर इंजिन कितीही ओरडू दे, मशीन जागचं हलत नाही.

आणि दुसरी गोष्ट, वही. ह्यांच्या कंपनीत मशीन सुरू करण्याआधी दोघांनी तपासायचं, ज्याने जे बघितलं त्यापुढे त्याने सही करायची, अशी पद्धत होती. ती आमच्याकडे आली. पुढचं सगळं हे बघणार, मागचं मी. त्यातही ह्यांचा एक नियम होता, तो ते फार अभिमानाने सांगायचे. म्हणायचे, "बिघाड झाला तर आपल्या कामावर संशय घ्यायचा. दुसऱ्याच्या सहीवर नाही. तो त्या माणसाचा अपमान."

किती चांगला नियम आहे ना? मलाही वाटायचं.

आमचे सेक्रेटरी राजवाडे मात्र हिरवळीवर खार खाऊन होते. त्यांना तिथे पेव्हर ब्लॉक टाकून पार्किंग करायचं होतं. मीटिंगमध्ये बरीच वादावादी होऊन शेवटी असं ठरलं, की कोजागिरीपर्यंत गवत कापून मैदान नीट झालं तर हिरवळ राहील. नाही झालं तर मशीन विकायचं आणि ब्लॉक बसवायचे. पावसाने गवत गुडघ्याएवढं वाढलेलं. ह्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, मी जबाबदार.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी यंत्रं पुजायची, चालवायची नाहीत. हे दरवर्षीप्रमाणे जुन्या कंपनीत पूजेला अंबरनाथला गेलेले. शेजारच्या म्हात्रे वहिनी म्हणाल्या, आपल्या मशीनची पूजा नको का करायला? त्या मूळच्या इथल्याच, आमच्या बिल्डिंगा उभ्या आहेत ती जमीन त्यांच्या सासऱ्यांची. त्यांच्या शब्दाला मान आहे. मशीन शेडमधून गेटपाशी न्यायचं होतं आणि सुरू तर करायचं नाही. मी अगदी जाणकारासारखी पुढे झाले, दांडी ओढली, वॉचमनला सांगितलं, आता ढकला. लोण्यासारखं गेलं. वहिनींनी माझ्याकडे अशा कौतुकाने बघितलं की मला दोन दिवस पुरलं असतं. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचा मोठा हार मागच्या बाजूला सोडला, नारळ फोडला, मशीन परत ढकलून शेडमध्ये ठेवलं आणि मी नैवेद्याच्या घाईने घरी पळाले.

तुमच्यातल्या हुशार माणसांना कळलं असेलच. मला कळायला पाच दिवस लागले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हे सीटवर बसले. मी वही घेऊन मागे उभी. टायर? बघितले. पात्यांत काही अडकलंय? नाही. दांडी आत? आता खरं सांगते. दांडी बघायला खाली बसावं लागतं, आणि मी खाली बसले की मला उठवायला दोन माणसं लागतात. समोर झेंडूचा हार लोंबत होता. मी उभ्याउभ्या हाराकडे बघितलं, म्हटलं आत, आणि सही ठोकली. वळणदार, आडनावासकट.

इंजिन झकास सुरू झालं. ह्यांनी पेडल दाबलं. काही नाही. उलटं पेडल दाबलं. तेही नाही. मशीन आपलं जागच्या जागी थरथरत उभं.

मग सुरू झाले ते दिवस. ह्यांनी बेल्ट बघितला, ठीक होता. पंखा माझ्या जुन्या टूथब्रशने घासला, नंतर कळलं की जुन्या नव्हे. तेलाची पातळी चार वेळा बघितली. तेलात हवा धरली असेल म्हणून अर्धा तास पेडल पुढे-मागे, पुढे-मागे. त्यातून या मशीनच्या सीटवर कोणी बसलेलं नसेल तर इंजिन बंद पडतं. ह्यांना बाजूला आडवं पडून आतला आवाज ऐकायचा असायचा, म्हणून सीटवर कोण? मी. दोन दिवस मी त्या मशीनवर छत्री घेऊन बसले. येणारे-जाणारे विचारायचे, कुठे निघालात काकू? कुठेही नाही हो, तीच तर अडचण आहे.

आणि ती दांडी माझ्या पाठीमागे हातभर अंतरावर, हाराआड, बाहेर अडकलेली होती.

ह्यांनी ती का नाही बघितली? कारण तिथे माझी सही होती. माणसाने बेल्टवर संशय घेतला, तेलावर घेतला, शेवटी स्वतःवर घेतला. गणपतीआधी त्यांनी तेल बदललं होतं. तेव्हा ग्रेड चुकली असणार, त्याने पंप गेला असणार, असं त्यांच्या मनाने घेतलं. तिसऱ्या दिवशी जेवताना मशीनचं नावही काढलं नाही. वर्षभर ज्याला मी कंटाळले होते तो विषय बंद झाला आणि मला घास जाईना.

त्याच दुपारी उल्हासनगरहून गोपीभाई आले. जनरेटर, पंप, काहीही दुरुस्त करणारा सिंधी माणूस, हात काळे आणि बोलणं गोड. त्यांनी मागचं चाक उचलून फिरवून बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, पीछे का दांडी देखा क्या? ह्यांनी वही त्यांच्यापुढे धरली.

गोपीभाईंनी माझी सही वाचली आणि मला हात जोडले. "भाभीजीने देखा है तो फिर बातच खतम."

बघा, त्या क्षणी तरी मी वाकायचं की नाही? पण मी नम्रपणे हसले आणि त्यांना पोहे दिले.

गोपीभाईंचं मत पडलं की पंप गेला. उल्हासनगरला दुकानात न्यावं लागेल, उघडावं लागेल, पार्ट मिळेल न मिळेल. राजवाडे तिथेच उभे होते, त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, मग नेताच आहात तर ठेवूनच घ्या, गिऱ्हाईक बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी गोपीभाई टेम्पो घेऊन आले. राजवाडे नमुन्याचा एक पेव्हर ब्लॉक घेऊन आले होते. टेम्पो घसरू नये म्हणून तो चाकाला उटी लावायला कामाला आला, तेव्हा त्यांना कोण आनंद झाला. ह्यांनी मात्र सगळ्यांसमोर सांगितलं, "चूक माझी. तेल मी बदललं होतं." चौतीस वर्षांच्या संसारात 'चूक माझी' हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. आणि नेमकी चूक त्यांची नव्हती, हे अजून मला माहीत नव्हतं.

टेम्पोला फळ्या लागल्या. चार माणसं ढकलायला उभी राहिली. हे मला म्हणाले, "दांडी ओढ."

मागचं काम माझं. आणि आता ओढायची म्हणजे खाली बसल्याशिवाय इलाज नव्हता. वहिनींचा हात धरून मी बसले, तो वाळलेला हार बाजूला केला आणि हात घातला.

दांडी आधीच ओढलेली होती.

मी तशीच बसून राहिले. डोक्यात खंडेनवमी, गेट, नैवेद्य, सगळं एकदम आलं. आणि तुम्हाला खोटं कशाला सांगू, लगेच दुसराही विचार आला. आता मी नुसतं 'ओढली' म्हटलं की संपलं. मशीन टेम्पोत चढेल, टेम्पो उल्हासनगरला जाईल, माझी सही खरी राहील. कुणाला काही कळणार नाही. फक्त हिरवळ जाईल. आणि हे घरी येऊन परत माझे डबे लावायला घेतील.

"ओढलीस का?" ह्यांनी विचारलं.

मी दांडी आत घातली. खट्ट आवाज आला.

"अहो, एकदा सीटवर बसता का?"

"आता कशाला?"

"बसा ना. जाता जाता एकदा सुरू करून बघा."

ते नको-नको म्हणत होते. पण मला बरं वाटावं म्हणून बसले असावेत. इंजिन सुरू केलं, जीव नसल्यासारखं पेडल दाबलं, आणि मशीन टेम्पोकडे पाठ फिरवून जे निघालं ते थेट मैदानात.

मग म्हात्रे वहिनींनी हात जोडले. "आई पावली गो. मी बोलली नव्हती, पूजा फुकट जात नाय?" आणि त्या नारळ आणायला निघाल्याही. राजवाड्यांनी चपला काढल्या. मी अजून खालीच, कारण मला उठवायचं कुणाच्या लक्षात नव्हतं.

चमत्कार असाच राहू द्यायला माझी काही हरकत नव्हती. देवीने माझं एवढं झाकून घेतलं असतं. पण हे मैदानाला एक फेरी मारून आले, उतरले आणि वही मागितली. त्यात बिघाडाची नोंद करायचा रकाना आहे, शेवटी 'कारण'. ह्यांनी पेन टेकवलं आणि थांबले. गोपीभाईंना विचारलं, तेल बरोबर होतं मग? पंप गेला नव्हता? मग झालं काय होतं? त्यांचा चेहरा इतका भांबावलेला होता. हा माणूस आता कोजागिरी, दिवाळी, संक्रांत, वर्षभर हेच शोधत बसणार, हे मला दिसलं.

"लिहा," मी खालून म्हटलं. "दांडी बाहेर होती. खंडेनवमीला मी ओढली, ती राहिली. सही मी न बघता केली."

वहिनी अर्ध्या वाटेवरून परत आल्या. राजवाड्यांनी चपला घातल्या. गोपीभाई टेम्पोच्या फळ्या काढता काढता म्हणाले, "भाभीजी, पोहा मात्र एक नंबर था." एवढं बोलून टेम्पोत बसून गेले, रिकाम्या टेम्पोत.

ह्यांनी मला हात देऊन उठवलं. रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. "म्हणजे तेल बरोबर होतं," एवढंच दोन-तीनदा म्हणाले आणि गवत कापायला गेले. संध्याकाळपर्यंत मैदान लख्ख झालं. राजवाडे आपला ब्लॉक काखेत घालून, कुणाकडे न बघता घरी गेले.

हे आले, हातपाय धुतले आणि चहाबरोबर वही माझ्यापुढे ठेवली. 'कारण' या रकान्यात त्यांनी सुंदर अक्षरात एकच शब्द लिहिला होता: 'सौ.'

खाली नियमाप्रमाणे माझी सही हवी होती. चष्मा लावून, खाली वाकून, मी तो शब्द दोनदा नीट तपासला. बरोबर होता. सही केली.