बायनाबाईची फळी

सिंदेवाहीत सागवानी चौकट कोरून घ्यायची तर लोक इब्राहीम मिस्त्रींचंच घर विचारत. तीस वर्षं त्यांनी वेली कोरल्या, मोर कोरले. मग उजवा हात थरथरू लागला. मुलगी शाजियाखेरीज हे त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. तिनंच नागपूरहून ते लहानसं यंत्र आणलं. ते चाकांवर फळीभर आपलं आपण फिरायचं आणि पोटाखालच्या पात्यानं नक्षी कोरायचं. प्लायवूडवर त्यानं दुकानांच्या दहा-बारा पाट्या अशा काढल्या, की मिस्त्रींना वाटलं, आपला हात परत आला.

त्याच उन्हाळ्यात बायनाबाई ट्रॅक्टरवर एक फळी घेऊन आल्या. त्यांच्या नवऱ्यानं बांधावर लावलेला साग, नवरा गेल्यानंतर वादळात पडलेला. नव्या घराच्या दारावर त्याचीच पट्टी बसवायची होती.

"इब्राहीमभाऊ, रंधा नोका मारू. त्याईच्या हातचं झाड आहे, भुशात काऊन घालवाचं?"

मिस्त्रींनी शब्द दिला. आरीनं चिरलेली फळी मधे थोडी खोलगट होती, ती तशीच राहू दिली.

"अब्बा, या यंत्राले सपाट लागते," शाजिया म्हणाली. "भुशावर चाक घसरलं तं आपण कुठी आहो हे त्याले समजत नाई. जवळ उभं राहा लागते."

"तू मले लाकूड शिकवून राह्यली काय?"

मिस्त्रींनी यंत्र फळीवर सोडलं. वेल सुरेख उमटू लागली. अर्धी झाली तसे मिस्त्री निर्धास्त होऊन चौकात चहाला गेले. परतले तेव्हा यंत्र मन लावून चालूच होतं. खोलगट जागी ते बोटभर सरकलं होतं, आणि उरलेली वेल त्यानं आधीच्या पानांवरून, देठांवरून आडवी ओढली होती. हातातली पटाशी अशा वेळी आपसूक थांबते.

बायनाबाईंनी फळीवरून बोट फिरवलं.

"तुम्ही कुठी होते, भाऊ?"

"चहाले."

"वा! तुम्ही चहाले, अन् ते एकटंच राबून राह्यलं!"

मिस्त्रींनी खिशातला हात काढून पुढे धरला. तो हलत होता. बाईंनी फळीवरचं बोट उचललं.

"हे आधी सांगाचं होतं ना. तुमच्या हातची वाकडीतिकडी वेल चालली असती मले."

खाचा खोल होत्या; रंधून काढायच्या तर फळी अर्धी उरली असती. बाईंनी पट्टी उलटी बसवली, कोरलेली बाजू भिंतीकडे.

त्या घरावरून जाताना मिस्त्री अजून सायकल हळू करतात. दारावर कोरं सागवान दिसतं. हातानं कोरायला आठ दिवस लागले असते, फार तर पंधरा, असं त्यांच्या मनात येतं.