पिलांना वाट

लग्न होऊन आले त्या वर्षी तेरणेवर पूल नव्हता. शेतातून परतताना सासूबाईंचा हात धरून मी नदी ओलांडत होते. मधोमध बोटाएवढी माशांची पिलं पोटऱ्यांना घासत खाली निघाली. सासूबाई थबकल्या. पिलं उतरताना पाय उचलायचा नाही, अशी त्या घरची रीत.

“आत्याबाई, पाणी चढायलंय!”

“लेकरं चाललीत. वाट दे.”

गढूळ पाणी मांड्यांपर्यंत आलं, तरी पिलं संपेनात. मी रडकुंडीला आले. या बाईला मरणाचं भय कसं नाही, म्हणून संतापलेही. पुराला जास्त भ्याले की सासूला, देव जाणे.

शेवटी पिलं सरली. काठावर पोचताच सासूबाई मटकन खाली बसल्या.

“तुला पवता येतं का गं?”

“न्हाय.”

“मलाबी न्हाय.”